सीबीसीतली दुर्लक्षित ओळ

आज दिवसभर सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागण्याचा जुनाट आजार) असलेल्या रुग्णांच्या फायली चाळल्या. जवळपास प्रत्येकीत सीबीसी (रक्तपेशी मोजणारी तपासणी) होता, पण इओसिनोफिलची (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची) ओळ कोणी नीट वाचलेली दिसली नाही. वाईट वाटलं, कारण इनहेलरमध्ये स्टिरॉइड हवं की नको, हे ठरवायला तीच ओळ कामी येते.

नुसते टक्के पाहू नका. पांढऱ्या पेशी ८००० आणि इओसिनोफिल ४ टक्के, म्हणजे ३२० प्रति मायक्रोलिटर. आकडा ३०० किंवा त्याहून जास्त असेल आणि दम वारंवार उसळत असेल, तर इनहेलरमधल्या स्टिरॉइडचा चांगला फायदा होतो. १०० च्या खाली फायदा नगण्य, न्यूमोनियाचा धोका मात्र राहतो. मधल्या आकड्यांना डॉक्टरांनी रुग्ण बघूनच ठरवावं.

चूक होते ती वेळेत. दम उसळला की प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी सुरू होते आणि रक्त नंतर काढलं जातं. या गोळीने इओसिनोफिल काही तासांतच घसरतात, मग तो आकडा फसवा. रक्त आधी काढा, किंवा जुने रिपोर्ट शोधा. आपल्याकडे जंतांमुळेही हा आकडा वाढतो, तेही तपासा.

आणि हिमोग्लोबिन १८ दिसलं तर 'रक्त भरपूर आहे' म्हणून खूश होऊ नका. शरीराला ऑक्सिजन कमी पडत असल्यानेही ते वाढतं, म्हणून बोटाला ऑक्सिमीटर लावा.