अपकन्व्हर्जन पावडरची मोजणी : तिसरी फेरी

अपकन्व्हर्जन म्हणजे अवरक्त प्रकाश शोषून दृश्य प्रकाश देणं. पावडर हे किती कार्यक्षमतेने करते, तेच इथे मोजायचं आहे. नमुना तोच: सोडियम यिट्रियम फ्लोराइड, षट्कोनी रचना, 18 टक्के यिटर्बियम, 2 टक्के एर्बियम. लेसर डायोड 976 नॅनोमीटरचा. आधीच्या दोन फेऱ्यांचे आकडे जुळत नव्हते. दोष पावडरचा नव्हता, झोताच्या ठिपक्याचा होता.

100 मिलिवॅट 1 मिमी व्यासात पडले तर तीव्रता सुमारे 12.7 वॅट प्रति चौरस सेंमी; 2 मिमीत फक्त 3.2. हिरव्या एका फोटॉनला अवरक्ताचे दोन लागतात, म्हणून कमी तीव्रतेत उजेड तीव्रतेच्या वर्गाने वाढतो. ठिपका दुप्पट रुंद केला की तितक्याच शक्तीला कार्यक्षमता चौथाईवर येते. तीव्रता न सांगता दिलेला कार्यक्षमतेचा टक्का कशाशीच ताडता येत नाही. टक्का फोटॉनांचा की ऊर्जेचा, तेही लिहावं: 540 नॅनोमीटरच्या फोटॉनात 976 वाल्याच्या 1.8 पट ऊर्जा असते. फोटॉनांच्या हिशेबात कमाल मर्यादा 50 टक्के.

मोजणी इंटिग्रेटिंग स्फिअरमध्ये (आतून पांढरा, सगळा उजेड गोळा करणारा पोकळ गोल), तीन वेळा: रिकामा गोल, पावडर आत पण झोत भिंतीवर, मग झोत थेट पावडरवर. पावडर अवरक्त फार कमी शोषते, त्यामुळे शोषण म्हणजे दोन मोठ्या आकड्यांमधला बारीक फरक. लेसर एक टक्का हलला तरी तो फरक बुडतो. शिवाय डायोडची तरंगलांबी दर अंशाला साधारण 0.3 नॅनोमीटर सरकते आणि यिटर्बियमचं शिखर अरुंद आहे. तापमान नियंत्रण लावून डायोड स्थिरावल्याशिवाय नोंद घेऊ नये.

लेसरचं शिखर मोजताना स्पेक्ट्रोमीटर (तरंगलांबीनुसार उजेड मोजणारं यंत्र) भरून वाहतो, म्हणजे त्याच्या मोजण्याच्या मर्यादेपलीकडे जातो, म्हणून मध्ये एनडी फिल्टर (उजेड ठराविक पटीने मंद करणारी काच). त्यावर छापलेला आकडा बहुधा दृश्य प्रकाशाचा असतो. 976 ला तो वेगळाच निघू शकतो, स्वतः मोजावा. हे सुटलं तर बाकी सगळी काळजी वाया.

स्पेक्ट्रोमीटरऐवजी सिलिकॉन फोटोडायोड वापरणाऱ्यांनी गळती तपासावी, कारण त्याला लेसरही दिसतो. हिरवा 0.1 मिलिवॅट असेल आणि चूक 1 टक्क्याच्या आत हवी असेल, तर 100 मिलिवॅटमधला 1 मायक्रोवॅटच सुटायला हवा: लेसर अडवणाऱ्या फिल्टरची ओडी (अडवण्याचं माप; 5 म्हणजे लाखातला एक भाग सुटतो) किमान 5. पडताळणी सोपी आहे. शक्ती आणि उजेड लॉग-लॉग कागदावर (दोन्ही अक्ष लॉगरिदमचे) मांडा. कमी शक्तीला उतार 2 च्या जवळ हवा. तिथेच 1 आला तर लेसर गळतोय. वरच्या टोकाला उतार घसरला तर संपृक्ती (शक्ती वाढवूनही उजेड त्या प्रमाणात न वाढणं) किंवा उष्णता. 525 आणि 545 नॅनोमीटरच्या पट्ट्यांचं गुणोत्तर वाढत असेल तर पावडर तापतेय.

976 चा झोत डोळ्याला जवळपास दिसत नाही. संरक्षक चष्मा तीच तरंगलांबी अडवणारा हवा.