लाकडी घर, वाकडी भिंत: अमेरिकेतल्या जुन्या घरात ओटा बसवताना

सोलापुरात कसब्यातल्या किंवा शुक्रवार पेठेतल्या माळवदाच्या (मातीच्या सपाट छपराच्या) घरात स्वयंपाकघर नवं करायला काढलं, की जाणता गवंडी आधी भिंतीवर थाप मारून बघतो. आवाज पोकळ आला तर झिरी (वायर-नळासाठी भिंतीत खाच) मारायला तयार होत नाही. अमेरिकेतल्या शंभर वर्षांच्या लाकडी घरात भिंत पोकळच असते. त्या पोकळीत काय आहे हे बघायच्या आधी कपाटांची ऑर्डर देणारा हमखास फसतो. घर घेतलेल्या मुलांना आणि त्यांना फोनवरून सल्ला देणाऱ्या आई-बाबांना, दोघांनाही हे माहीत असलेलं बरं.

१९३०च्या आसपासच्या घरात साधारण १६ इंचांवर लाकडी खांब उभे असतात. त्यांवर बोटभर रुंदीच्या आडव्या पट्ट्या ठोकलेल्या आणि पट्ट्यांवर गिलावा. हा सगळा थर पाऊण ते एक इंच भरतो. आज बाजारात मिळणारं जिप्सम बोर्ड अर्धा इंच. म्हणजे अर्धी भिंत जुनी ठेवून अर्धी नवी केली, तर सांध्यावर पायरी पडते. तिथं खांबांवर आधी पातळ पट्ट्या मारून बोर्ड पुढं आणावा लागतो. जुने खांब बऱ्याचदा जवळपास पूर्ण दोन बाय चार इंचांचे, नवे मात्र दीड बाय साडेतीन. जुन्याशेजारी नवा जोडताना हा फरक हटकून आडवा येतो.

हातोडा उचलण्याआधी दोन तपासण्या हव्यातच. अमेरिकेत घरासाठीच्या शिशाच्या रंगावर १९७८ साली बंदी आली, त्यामुळे त्याआधीच्या घरात खिडक्या-दारांवरच्या रंगाच्या थरांत शिसं आहे असं धरूनच चालायचं. दुसरी गोष्ट जमिनीची. ९ बाय ९ इंचांच्या जुन्या टाइल आणि त्यांखालचा काळा डिंक दिसला तर खरवडायचं नाही, आधी नमुना प्रयोगशाळेत द्यायचा. त्यात ॲस्बेस्टॉस (श्वासातून गेलं तर फुप्फुसाला घातक असे खनिज तंतू) निघालं आणि टाइल घट्ट असतील, तर उकरण्यापेक्षा वरून झाकणं सहसा शहाणपणाचं.

भिंत उघडली की जुनी वायरिंग दिसते: चिनी मातीच्या बोंडांवर ताणलेल्या दोन सुट्या तारा, अर्थिंगचा पत्ता नाही. ही वायर मोकळ्या हवेत थंड राहील या हिशेबानं टाकलेली असते. कोणी उबेसाठी भिंतीत काचेच्या कापसासारखं भरण घातलं असेल तर ती तापते. स्वयंपाकघरापुरती तरी ती काढायचीच. ओट्यासाठी २० अँपियरची दोन स्वतंत्र सर्किटं लागतात, आणि ओट्याच्या कुठल्याही बिंदूपासून सॉकेट २४ इंचांपेक्षा लांब असलेलं चालत नाही. इंडक्शनची शेगडी घ्यायची तर २४० व्होल्टचं ४० किंवा ५० अँपियरचं वेगळं सर्किट हवं. घराचा मुख्य बोर्ड अजून ६० अँपियरचा असेल तर खर्चाची सुरुवात तिथूनच होते. (मिक्सर ११० व्होल्टचा घ्यावा. सोलापुराहून नेलेला २३० व्होल्टचा मिक्सर तिथल्या सॉकेटवर नुसता कुंथतो.)

नळ लोखंडी गॅल्व्हनाइज्ड असेल तर तो आतून गंजून बारीक झालेला असतो. नुसती तोटी बदलून धार वाढत नाही. सांडपाण्याच्या नळीला फुटामागे पाव इंच उतार लागतो. सिंक खिडकीखालून हलवायचं म्हटलं की हा उतार जमिनीखालच्या वाशांना आडवा जातो. मग कोणीतरी वाशाला खाच मारतं. खाच वाशाच्या उंचीच्या एक षष्ठांशापेक्षा खोल नको, आणि लांबीच्या मधल्या एक तृतीयांश भागात तर मुळीच नको. जुन्या घरात स्वयंपाकघराची जमीन सिंकजवळ खचलेली दिसते, तिचं एक कारण बहुधा असाच एखादा प्लंबर असतो.

खरं कसब आहे ते खचलेल्या जमिनीवर सपाट ओटा आणण्यात. दहा फुटांत एक इंच उतार ही जुन्या घरात नवलाची गोष्ट नाही. लेझर लेव्हल लावून, नाहीतर आपल्याकडच्या पाण्याच्या नळीनं, जमिनीचा सगळ्यांत उंच बिंदू शोधायचा आणि तिथून साडेचौतीस इंचांवर भिंतीवर रेघ मारायची. खालची कपाटं तेवढ्याच उंचीची येतात. वर दगड बसला की ओटा ३६ इंच होतो. बाकी सगळीकडं कपाटाखाली पाचरी मारून त्या रेघेपर्यंत उचलायचं. फट पुढच्या पट्टीआड झाकली जाते. सुरुवात खालच्या बिंदूपासून केली तर उंच बाजूला कपाटं तासावी लागतात, आणि सुमारे ३४ इंचांचा डिशवॉशर आत शिरतच नाही. नवी फरशीही डिशवॉशरच्या खालपर्यंत न्यायची. नाहीतर पुढच्या वेळी तो बाहेर काढताना दगड उचलावा लागतो.

भिंतीची लांबी तीन ठिकाणी मोजायची: जमिनीशी, ओट्याच्या उंचीला आणि वरच्या कपाटांच्या उंचीला. सगळ्यांत छोटं माप धरायचं आणि दोन्ही टोकांना इंच-दीड इंचाची भरणपट्टी सोडायची. ती भिंतीच्या वळणाप्रमाणे तासून बसवतात. कोपरा काटकोनात आहे का हे गवंड्याच्या हिशेबानंच बघायचं: एकीकडं तीन फूट, दुसरीकडं चार, मधे पाच भरले पाहिजेत. दगडाचं माप कपाटं पक्की बसल्यावरच द्यायचं, नकाशावरून कधीच नाही. वरच्या कपाटांचे स्क्रू खांबातच जायला हवेत, पण गिलाव्याच्या भिंतीवर खांब शोधणारं यंत्र गोंधळतं. म्हणून भिंत उघडी असतानाच खांबांच्या मधे आडवे ठोकळे मारून त्यांचा टेपसकट फोटो काढून ठेवावा.

सोलापूरच्या माळवदाच्या घरालाही यातलं बरंच लागू पडतं. दगड-मातीच्या भिंतीत आडवी झिरी नको. वायर आणि नळ वरूनच पट्टीतून न्यावेत. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल कोंडते आणि वर्षा-दोन वर्षांत टाइलसकट पापुद्रा सुटतो. चुन्याचाच गिलावा धरावा. सिंकमागची टाइल भिंतीला न चिकटवता पुढं चार इंची विटांची पडदी उभारून तिच्यावर लावावी. ट्रॉल्या पार्टिकल बोर्डच्या नकोत, जुन्या भिंतीतली वाळवी आधी तिकडंच वळते. स्टीलच्या घ्याव्यात. कडाप्प्याच्या ओट्याखाली सिलिंडर ठेवायचा असेल तर रेग्युलेटरला हात घालण्यापुरती जागा मोजूनच उंची ठरवावी.

धुराचं काय? माळवदाला सवणं (छपरातलं धुराचं भोक) असतं, फोडणीचा ठसका वर निघून जातो. अमेरिकेतल्या जुन्या घरात शेगडीवरच्या, धूर ओढणाऱ्या हुडाची नळी खरोखर बाहेर जाते का हे छपरावर चढून बघावं. कित्येकदा ती पोटमाळ्यातच सोडलेली असते आणि वर्षानुवर्षं तेल वाशांवर साचतं. नळी पत्र्याची हवी, वळणं कमीत कमी हवीत. मिनिटाला ४०० घनफुटांपेक्षा जास्त हवा ओढणारा हुड बसवला तर तेवढी हवा आत यायची सोयही करावी लागते. ती नसेल तर तळघरातल्या गॅस हीटरचा धूर चिमणीतून उलटा घरात येऊ शकतो.

आणि भाकरी. इंडक्शनवर खोलगट तवा चालत नाही, सपाट बुडाचा बिडाचा तवा लागतो. भाकरी तव्यावर छान भाजते, पण फुगवायला खाली जाळ नसतो. त्यासाठी ओट्याच्या कोपऱ्यात हुडाखालीच एका बर्नरच्या छोट्या गॅसची जागा आधीच आखून ठेवावी. दगड कापून झाल्यावर ती निघत नाही.