संक्रांतीच्या वाणासाठी व्हॅनिलाची साखर

दिवाळीच्या फराळाचे डबे घासूनपुसून माळ्यावर गेले की आमच्या घरी संक्रांतीच्या वाणाचा विषय निघतो. प्लॅस्टिकच्या वाट्या, कंगवे आणि साबणदाण्या यांचे वाण घेऊन आणि देऊन मी स्वतःच इतकी कंटाळले होते की सहा वर्षांपूर्वी काहीतरी घरी करून द्यायचे ठरवले. तेव्हापासून मी हळदीकुंकवाला व्हॅनिलाची साखर लुटते. लहानशी काचेची बाटली, त्यात शंभर ग्रॅम साखर आणि त्या साखरेत उभा खोवलेला काळ्या शेंगेचा बोटभर तुकडा, एवढेच ते वाण असते. पहिल्या वर्षी सासूबाईंनी बरणीत डोकावून विचारले होते, “साखरेत हे लाकूड काहून खुपसून राहिली वं?” त्यांचा प्रश्न अगदी योग्य होता, कारण व्हॅनिलाचा वास आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांना माहीत असला तरी तो आइसक्रीममधून आणि इसेन्सच्या छोट्या बाटलीतून. ती शेंग प्रत्यक्षात कशी दिसते, हे मलाही चाळिशीपर्यंत ठाऊक नव्हते.

माझ्या पहिल्या शेंगा भाचीने कुर्गच्या सहलीतून, मडिकेरीच्या एका मसाल्याच्या दुकानातून आणल्या होत्या. चांगली शेंग वीतभर लांब, काळपट तपकिरी, किंचित तेलकट असते आणि ती बोटाभोवती गुंडाळली तरी तुटत नाही. आजीच्या वेणीतल्या आगवळाची मला त्या वेळी आठवण झाली. पुढच्या वर्षी मी एका दुकानातून पाकीटबंद शेंगा मागवल्या, तर त्या झाडूच्या काड्यांसारख्या कडक निघाल्या आणि वाकवताच मोडल्या. तेव्हापासून शेंग दिसल्याशिवाय, आणि शक्य असेल तर वाकवून पाहिल्याशिवाय, मी पैसे देत नाही. शेंगेवर कधी कधी बारीक, चमकणाऱ्या पांढऱ्या सुया दिसतात. त्या व्हॅनिलिनच्या, म्हणजे शेंगेला तिचा मुख्य वास देणाऱ्या द्रव्याच्या, स्फटिकांच्या असतात आणि तो शेंग चांगली असल्याचा पुरावा मानतात. पांढरा थर मात्र लोकरीसारखा, निस्तेज आणि कुबट वासाचा असेल, तर ती बुरशी आहे आणि अशी शेंग सरळ टाकून द्यावी.

एवढीशी शेंग इतकी महाग का, हे कळल्यावर मला तिचा एक तुकडाही वाया घालवावासा वाटेनासा झाला. व्हॅनिला हे मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे ऑर्किड आहे. त्याचे फूल उमलते ते जेमतेम एका दिवसासाठी, आणि मूळ प्रदेशाबाहेर नेलेल्या वेलींना फुले येत पण शेंगा धरत नसत. हिंदी महासागरातील बूर्बाँ बेटावर, म्हणजे आजच्या रियुनियनवर, १८४१ साली एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने एका बारीक काडीने फुलातला पडदा उचलून, अंगठ्याने पराग दाबून परागीभवन करण्याची सोपी रीत शोधली. आजही मादागास्करपासून केरळ-कर्नाटकापर्यंत जवळपास सगळीकडे एकेका फुलाला असाच हात लावावा लागतो. त्याच्या रीतीवर पुढे मोठा व्यापार उभा राहिला, पण तो स्वतः १८८० मध्ये गरिबीतच गेला. फूल फळल्यावर शेंग वेलीवर पिकायला आठ-नऊ महिने घेते आणि गंमत म्हणजे हिरव्या शेंगेला तो वास जवळजवळ नसतोच. शेंगा गरम पाण्यातून काढायच्या, घोंगड्यांत गुंडाळून घाम येऊ द्यायचा, मग आठवडेच्या आठवडे उन्हा-सावलीत वाळवायच्या आणि शेवटी पेट्यांत मुरवायच्या. या सगळ्यात शेंगेतले साखरेशी बांधलेले द्रव्य सुटे होऊन त्याचे व्हॅनिलिन बनते. म्हणजे शेंगेने साखरेपासून सोडवून घेतलेला वास आपण पुन्हा साखरेच्याच हवाली करतो!

बाजारातल्या बहुतेक इसेन्समध्ये हेच व्हॅनिलिन असते, पण कारखान्यात तयार केलेले. १८७४ साली जर्मनीत टीमान आणि हार्मान या रसायनशास्त्रज्ञांनी ते पहिल्यांदा कृत्रिम रीतीने बनवले. मी इसेन्सला नावे ठेवणार नाही, माझ्या आईचे सगळे केक त्याच्यावरच झाले आणि ते आवडीने खाल्लेही गेले. फरक एवढाच की खऱ्या शेंगेत व्हॅनिलिनच्या जोडीला दोनशेहून अधिक गंधद्रव्ये अल्प प्रमाणात असतात आणि त्यामुळे तिच्या वासात मनुकांचा, जुन्या लाकडाचा, किंचित धुराचा असा भास येतो. केकसारख्या भाजायच्या पदार्थात हा फरक फारसा कळत नाही. नुसत्या गार दुधात साखर घालून प्यायले की मात्र तो लगेच कळतो.

आता कृतीकडे येते. साखरेचे आणि शेंगेचे माझे प्रमाण अर्ध्या किलोला एक चांगली शेंग असे आहे. शेंग चार ग्रॅमची धरली, तर तिच्यातला ओलावा वजा जाता उरलेल्या वजनाच्या फार तर दोन टक्के व्हॅनिलिन असते, म्हणजे हिशेब पन्नास-साठ मिलिग्रॅमवर येतो. एवढ्याशा द्रव्याने अर्धा किलो साखर घमघमते, याचे मला दर वर्षी नव्याने आश्चर्य वाटते. साखर बारीक दाण्याची घ्यावी. किराण्याच्या दुकानात जाड आणि बारीक असे दोन दाणे मिळतात, त्यातला बारीक. जाड दाण्यात शेंगेतल्या बिया खाली बसतात आणि बाटलीत वर पांढरी, खाली काळी अशी साखर दिसते.

शेंग पाटावर सपाट धरून धारदार सुरीच्या टोकाने मधोमध उभी चिरायची, पुस्तकासारखी उघडायची आणि सुरीची पाठ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवायची. पात्यावर काळा, ओलसर, काजळासारखा गर जमतो. तो परातीतल्या मूठभर साखरेत घालून बोटांच्या पेरांनी चोळावा, रांगोळीत रंग मिसळताना चोळतो तसा. चमच्याने ढवळल्यास गराच्या गोळ्या तशाच राहतात, त्यामुळे इथे हात वापरण्याला पर्याय नाही. चोळता चोळता साखर करडी होते, तिच्यात खसखशीहूनही बारीक ठिपके सुटे दिसू लागतात आणि मग ती उरलेल्या साखरेत मिसळायची. रिकामी साल फेकू नये, कारण वासाचा मोठा वाटा तिच्यातच असतो. तिचे तुकडे करून ते साखरेतच पुरावेत. बरणी घट्ट झाकून अंधाऱ्या फडताळात ठेवावी आणि दोन-तीन दिवसांनी एकदा हलवावी. दोन आठवड्यांनी साखर वापरता येते, चार आठवड्यांनी ती खरी मुरते. म्हणून मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात करते. हात मात्र लगेच धुऊ नयेत. त्या हातांनी केलेला चहा त्या दिवशी घरात सगळ्यांना आवडतो.

नागपुरात हे काम थंडीत करण्यामागे संक्रांतीखेरीज आणखी एक कारण आहे आणि ते मला नुकसान सोसून कळले. चांगल्या शेंगेत पाव हिश्श्याहून जास्त ओलावा असू शकतो. एका जुलै महिन्यात मी खिरीसाठी दुधात उकळलेली शेंग धुतली, फडक्याने टिपली आणि शहाणपणा करून तशीच साखरेच्या बरणीत टाकली. बाहेर आठ दिवस झड लागली होती. पंधरा दिवसांनी बरणी उघडली, तर आत साखर नव्हती, बरणीच्या आकाराची एक वीट होती. ती उलथण्याने फोडावी लागली आणि शेंगेभोवतीच्या खड्यांना दुधाचा आंबूस वास आलेला असल्याने तेवढा भाग फेकून द्यावा लागला. दुधात किंवा सायीत उकळलेली शेंग पुन्हा वापरता येते हे खरेच आहे, पण ती आधी कोमट पाण्याने नीट धुवावी आणि मोडताना कट्‌ आवाज येईपर्यंत वाळवावी. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत जाळीच्या झाकणाखाली ती तीन-चार दिवसांत वाळते.

मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की, हवा त्याहून कोरडी असते, मग तेव्हा का करू नये, असे कोणी विचारील. बाहेर हवा कोरडी असते, घरात नसते. आमच्याकडे मार्चपासून जूनपर्यंत कूलर चालतो. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ती गार हवा सुखाची असली तरी ओलीच असते आणि त्या दिवसांत बिस्किटे सादळतात, मिठाला पाणी सुटते आणि साखर दगडासारखी बसते. उन्हाळ्यात बरणी कूलरच्या झोतापासून दूर, आतल्या खोलीत ठेवावी. फ्रिजमध्येही ठेवू नये, कारण बाहेर काढताच थंड काचेला दव धरते. आणि ती कोणत्याही परिस्थितीत मसाल्यांच्या फडताळात ठेवू नये. साखर वास धरून ठेवते म्हणूनच तर आपण हा उद्योग करतो, पण व्हॅनिला धरावा आणि सावजी मसाला धरू नये एवढा विवेक तिला नसतो.

वाळलेल्या, पुन्हा पुन्हा वापरून थकलेल्या सालींचे मी वर्षाच्या शेवटी एकच करते. वाटीभर साखरेबरोबर त्या मिक्सरमधून काढते आणि मैद्याच्या चाळणीने चाळते. ही पिठीसाखर थोडी मळकट दिसते, पण नानकटाईत तिला तोड नाही. नानकटाईच्या पिठात ती घातली की वेलदोडा अजिबात घालू नये, दोघांचे एकमेकांशी पटत नाही.

आणि हाच माझा या साखरेबाबतचा ठाम आग्रह आहे, जो बाटलीबरोबर मी तोंडी सांगते. ती वेलची, जायफळ किंवा केशर यांच्या जागी वापरायची वस्तू नव्हे. पुरणात ती घातली तर पुरण बेकरीतून आल्यासारखे लागते. बासुंदी आणि श्रीखंड यांनाही मी तिचा हात लावू देत नाही. जिथे नुसते दूध, लोणी, अंडे किंवा केळे आहे तिथे ती शोभते: शिकरण, चिकूचे मिल्कशेक, कस्टर्ड, कॉफी, साधा स्पंज केक. केकमध्ये साखरेच्या जागी तितकीच ही साखर घ्यावी आणि इसेन्स वगळावा. शेवयांच्या खिरीत घालायची असेल तर गॅस बंद केल्यावर घालावी, कारण फार उकळले की वास वाफेबरोबर निघून जातो आणि स्वयंपाकघरात घमघमाट, वाटीत मात्र नुसता गोडवा अशी गत होते. मला स्वतःला ती सर्वांत आवडते ती संत्र्यांवर. थंडीतली संत्री सोलून, फोडींची पातळ साल आणि बिया काढून, वर एक चमचा साखर भुरभुरून दहा मिनिटे ठेवावीत. तळाशी जो रस सुटतो तो पिण्यासाठी आमच्या घरी भांडणे होतात.

वाणाच्या पंचवीस बाटल्यांना अडीच किलो साखर आणि पाच शेंगा लागतात. शेवटच्या खरेदीत एक शेंग मला दीडशे रुपयांना पडली. बाटल्या इतवारीतून घाऊक आणल्या की एक वाण साठ-सत्तर रुपयांच्या आत बसते आणि एवढ्यात बरा स्टीलचा डबाही येत नाही. बाटल्या धुऊन, दिवसभर उन्हात पालथ्या घालून पूर्ण वाळवाव्यात. झाकणाच्या आटीत राहिलेला पाण्याचा एक थेंबही पुरेसा असतो. झाकणावर मी खणाचा लहान तुकडा बांधते आणि चिठ्ठीवर दोन ओळी लिहिते: शेंग काढून टाकू नये, साखर संपत आली की वरून साधी साखर घालून बाटली हलवावी. एवढ्यावर तीच शेंग पुढे बरेच महिने साखरेला वास देत राहते.

बाटल्या परत येतात, त्याही रिकाम्या नाही, कारण कुणाचे भांडे रिकामे परत करू नये हा आपल्याकडचा रिवाज. कुणी त्यात तीळ भरून पाठवते, कुणी बडीशेप. समोरच्या काकूंनी गेल्या वर्षी साखर संपल्यावर घरचे मेतकूट भरून दिले आणि वर सांगितले, “त्या लाकडाचा वास लय दिवस राहिला बाई, मी तं चहातच टाकून राहिली होती.” मेतकूट उत्तम होते. ती बाटली मात्र मी दोनदा गरम पाण्याने धुतली, चार दिवस उन्हात ठेवली, तरी झाकण उघडले की हिंग-मेथीच पुढे येते, तेव्हा आता तिच्यात मेतकूटच राहते आणि या वर्षी काकूंसाठी मी नवी बाटली आणली आहे.