उर्झा-मिश्राची भाऊबंदकी : मॅजिकच्या कादंबऱ्यांची वाचन-नोंद

‘अरीना’ संपली. विल्यम फोर्स्टचेनची ही १९९४ ची कादंबरी म्हणजे ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या जादूगारांच्या पत्त्यांच्या खेळावरची पहिली. खेळ आला १९९३ मध्ये, त्यामुळे लेखकाच्या हाताशी फारसं काही नव्हतंच. एस्टार्क शहरात जादूगारांची दंगल भरते, तिथे एकडोळ्या गार्थ येतो आणि नियम असा की हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला आपला एक मंत्र देऊन टाकायचा. सुरुवातीला खेळातही असाच ‘अँटे’ होता. डाव सुरू होण्याआधी प्रत्येकाचा एक पत्ता पणाला, हरलात की तो गेला. आज तसं कुणी खेळत नाही, पण या कादंबरीची सगळी गंमत त्या एका नियमावर उभी आहे. बाकी पात्रं पुठ्ठ्याचीच. भरभर वाचून होते.

त्या काळी हार्परप्रिझम प्रकाशनाच्या या पुस्तकांत कूपन असायचं. ते पोस्टाने पाठवलं की एक खास पत्ता घरपोच. ‘मॅना क्रिप्ट’ हा अशाच कूपनवर जन्मलेला पत्ता. शून्य मॅनात (मॅना म्हणजे पत्ते खेळायला लागणारी जादूची शक्ती) टेबलावर येतो आणि दर वेळी दोन मॅना देतो. २०२४ मध्ये कमांडरमधून (शंभर पत्त्यांच्या डेकने खेळायचा प्रकार) त्याच्यावर बंदी आली, तेव्हा जगभर लोकांचे पैसे बुडाले. आमच्या लातूरच्या ग्रुपमध्ये एकाकडे त्याची स्लीव्हमध्ये घातलेली झेरॉक्स होती. त्याचे दोन रुपये बुडाले.

आता मुख्य विषय : जेफ ग्रबची ‘द ब्रदर्स वॉर’, १९९८. हिच्यावर मी रेंगाळलो आणि मुद्दाम रेंगाळलो. ‘अँटिक्विटीज’ हा पत्त्यांचा संच निघाला १९९४ मध्ये. त्यात सलग गोष्ट कुठेच नव्हती. होती ती नावं : उर्झाची खाण, मिश्राचा कारखाना, अ‍ॅशनॉडची वेदी, टॉनॉसची शवपेटी. आणि पत्त्यांच्या तळाशी तिरप्या अक्षरातल्या एक-दोन ओळी. चार वर्षांनी ग्रबने या तुकड्यांवरून उर्झा आणि मिश्रा या दोन भावांचं अख्खं आयुष्य उभं केलं. मी वाचताना ते पत्ते शेजारी मांडून बसतो (प्रॉक्सी, म्हणजे नकलाच, खरे कुठून आणणार) आणि ज्याचं नाव पुस्तकात आलं तो पालथा करतो. आईने विचारलं, “कशाची परीक्षा द्यायलास रे आता?”

मला सगळ्यात आवडला तो टोकाशिया या संशोधक बाईचा तळ. वाळवंटात उत्खनन चाललंय, थ्रान नावाच्या लोप पावलेल्या लोकांची यंत्रं मातीतून निघतायत आणि हे दोन भाऊ, पोरवयातले, तिथे राबतायत. हे वाचताना मला सारखं तेर आठवत होतं. पांढरीच्या टेकाडात गावकऱ्यांना खापरं, मणी, मातीच्या बाहुल्या सापडायच्या. रामलिंगप्पा लामतुरेंनी त्या जमवल्या, त्यातूनच तिथलं संग्रहालय झालं. तेर म्हणजे जुनं तगर, सातवाहन काळात थेट भडोचच्या बंदराशी व्यापार असलेलं. धाराशिव-लातूरकडच्या वाचकाला टोकाशियाचा तळ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मग कोइलोसच्या गुहेत एक दगड फुटतो. माइटस्टोन उर्झाकडे, वीकस्टोन मिश्राकडे, आणि प्रत्येकाला दुसऱ्याचाही तुकडा हवा. धुऱ्यावरून कोर्टात गेलेले सख्खे भाऊ आपण काही कमी पाहिलेले नाहीत; इथे धुरा जाऊन पुढे अख्खा खंड आला, एवढंच. ग्रबने कुणालाच सरळ खलनायक केलं नाही. मिश्रा आधी फल्लाजी या वाळवंटी टोळ्यांचा गुलाम होता हे पत्त्यावरून कळत नाही, आणि ते कळल्यावर ‘मिश्राचा कारखाना’ टेबलावर ठेवताना जरा वेगळं वाटतं. उर्झाचं लग्न तर सरळ स्वयंवर आहे. क्रूगच्या राजाचा पण : जेडचा प्रचंड पुतळा जो हलवेल त्याला राजकन्या. उर्झा धनुष्य उचलत नाही, यंत्र बांधतो. आणि त्याची नजर राजकन्या केलापेक्षा आंदणातल्या थ्रान ग्रंथावर जास्त! तिथेच या माणसाचं पुढे काय होणार ते कळून चुकतं.

‘ऑर्निथॉप्टर’, पंख हलवत उडणाऱ्या यंत्राचा पत्ता, आठवतोय ना? शून्य मॅना, शून्य ताकद, दोन टफनेस (मार सोसायची क्षमता), उडतो. डेकमध्ये, म्हणजे खेळायच्या गड्डीत, त्याला सगळे हसतात. कादंबरीत तेच यंत्र पहिल्यांदा आकाशात जातं तो भाग सगळ्यात आनंदाचा आहे, आणि पुढे वाटाघाटींच्या ठिकाणी त्याच यंत्रांनी हल्ला होतो. त्यानंतर माझ्या डेकमधून तो निघालेला नाही. डेक त्यामुळे सुधारला असं मात्र नाही.

शेवट सांगत नाही. आर्गोथ बेट आणि सायलेक्स हे शब्द ज्यांना माहीत आहेत त्यांना शेवटही माहीत आहे.

मध्ये चव बदलायला ग्रेग वाइजमनची २०१९ ची ‘वॉर ऑफ द स्पार्क : रॅव्हनिका’ घेतली. त्या नावाच्या पत्त्यांच्या संचात ३६ प्लेन्सवॉकर (एका जगातून दुसऱ्या जगात जाणारे जादूगार) होते आणि कादंबरीने त्या गर्दीला जागा द्यायचं ठरवलेलं. एक जण येतो, नाव सांगतो, एक मंत्र टाकतो, पुढचा येतो. निकोल बोलास या ड्रॅगनसारखा खलनायक असूनही धाक बसत नाही. काय होणार हे पत्त्यांनी आधीच ठरवलं असेल तर लेखकाला नोंदी करत जायचं काम उरतं. ग्रबला फक्त नावं मिळाली होती, मधलं सगळं मोकळं होतं. माझ्या मते या प्रकारच्या कादंबऱ्यांचा बरेवाईटपणा इथेच ठरतो, लेखक कोण हे नंतरचं. दुमत असेल तर रविवारी डावावर भांडू.

सध्या हातात लिन अ‍ॅबीची ‘प्लेन्सवॉकर’ आहे, तीही १९९८ चीच. हजारो वर्षं उलटलीत, ते दोन्ही दगड आता उर्झाचे डोळे झालेत आणि तो जवळपास वेडा आहे. त्याला सांभाळणारी झांचा ही खरी नायिका. ती फायरेक्सियात, अर्धयंत्र शत्रूंच्या जगात, घडवलेली, त्यांच्यापासून फुटलेली. उर्झा भानावर यावा म्हणून ती मिश्रासारखा दिसणारा एक पोरगा शोधून आणते! वेग कमी आहे, मधली फायरेक्सियाची प्रकरणं जड जातात, पण झांचासाठी वाचा. तिला स्वतःचा पत्ता मिळाला तो थेट २०१८ च्या कमांडर संचात : ‘झांचा, स्लीपर एजंट’. तुमचा पत्ता, पण टेबलावर येते ती प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात, दर वेळी हल्ला करायला बांधलेली, आणि तुमच्यावर मात्र हल्ला करू शकत नाही. पुस्तक न वाचता हा पत्ता खेळणाऱ्यांना तो नुसता खोडसाळ वाटतो. काळा-लाल डेक तिच्याभोवती बांधायला घेतलाय, शंभर पत्त्यांतले जमिनीचे (मॅना देणारे) पत्ते सोडून बाकी जागा अजून भरायच्यात.

पुढे जे. रॉबर्ट किंगची ‘टाइम स्ट्रीम्स’, मग लोरेन कोलमनची ‘ब्लडलाइन्स’. दोन्ही १९९९ च्या. पहिली मोबाइलवर उतरवून ठेवली आहे. दुसरीची कागदी प्रत नांदेड, परभणी, संभाजीनगर कुठेही कुणाकडे असेल तर कुरिअर करू नका, मीच येऊन घेऊन जातो.