‘आय’ आणि ‘जे’: −१ च्या वर्गमुळाचे लेखन

अकरावीच्या गणितात ‘आय’ म्हणून ओळख झालेली काल्पनिक संख्या अभियांत्रिकीच्या वर्गात ‘जे’ होऊन समोर येते. ‘विद्युतधारेशी गोंधळ नको म्हणून’ असे एका वाक्यात सांगून बहुतेक शिक्षक पुढच्या उदाहरणाकडे वळतात. हे कारण खरे असले तरी अपुरे आहे. या दोन अक्षरांच्या मागे गणिताचा एक मूलभूत प्रश्न उभा आहे आणि तो विद्यार्थ्यांसमोर मोकळेपणाने मांडला जायला हवा, असे मला मनापासून वाटते.

मुळात वेगळे अक्षर हवेच कशाला? इटालियन गणिती कार्दानो यांनी १५४५ मध्ये ५ + √−१५ यासारख्या राशींचा गुणाकार करून दाखवला, तेव्हा त्यांच्याजवळ वर्गमुळाखेरीज दुसरे साधन नव्हते. मात्र वर्गमुळाचे चिन्ह येथे फसवे ठरते. धन संख्यांसाठी दोन वर्गमुळांचा गुणाकार म्हणजे गुणाकाराचे वर्गमूळ, हा नियम आपल्या हाताला इतका बसलेला असतो की √−१ × √−१ हे √१, म्हणजेच १, असे लिहून मोकळे होण्याचा मोह पडतो. व्याख्येप्रमाणे उत्तर मात्र −१ आहे. स्विस गणिती ऑयलर यांनी १७७७ च्या एका लेखात या राशीसाठी ‘आय’ हे अक्षर योजले. तो लेख त्यांच्या मृत्यूनंतर, १७९४ मध्ये, छापून आला. पुढे जर्मन गणिती गाउस यांनी १८०१ च्या आपल्या ग्रंथात तेच अक्षर स्वीकारले आणि ते रूढ झाले. अक्षर आल्यावर ‘वर्ग केला की −१’ एवढाच नियम उरला आणि वर्गमुळाच्या नियमाला मध्ये शिरायला जागा राहिली नाही.

विद्युतशास्त्रात ‘आय’ हे अक्षर विद्युतधारेच्या तीव्रतेसाठी, फ्रेंच ‘इंतांसिते’ या शब्दावरून, आधीच रुळलेले होते. विद्युत अभियंते चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी १८९३ मध्ये शिकागोच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत प्रत्यावर्ती (दिशा बदलत राहणाऱ्या) धारेची गणिते संमिश्र संख्यांनी, म्हणजे वास्तव आणि काल्पनिक भाग मिळून बनलेल्या संख्यांनी, सोडवण्याची पद्धत मांडली आणि तीत ‘जे’ वापरला. त्या पद्धतीचे सामर्थ्य एका साध्या मंडलातही दिसते. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर ३० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ हेन्रीची कॉइल एकसरीत जोडली, तर कॉइलचा वाटा २π × ५० × ०.१, म्हणजे सुमारे ३१.४ ओहम येतो आणि एकूण इम्पिडन्स (धारेला होणारा एकूण विरोध) ‘३० + जे३१.४’ असा लिहिता येतो. त्याचे परिमाण सुमारे ४३.४ ओहम आहे. म्हणून २३० व्होल्टला सुमारे ५.३ अँपिअर धारा वाहते आणि ती व्होल्टेजच्या ४६ अंश मागे राहते. ज्यासाठी एरवी अवकल समीकरण सोडवावे लागले असते, ते अशा रीतीने बेरीज-भागाकारावर आले.

खरी गुंतागुंत याच्या पुढे आहे. विद्युत अभियंते कालानुसार होणारा बदल ‘ई’ चा घातांक ‘+जे ओमेगा टी’ (ओमेगा म्हणजे कोनीय वारंवारता, टी म्हणजे काळ) धरून लिहितात, तर भौतिकशास्त्रातील तरंगांच्या पुस्तकांत तो घातांक बहुधा ‘−आय ओमेगा टी’ असतो. म्हणून एका परंपरेतील सूत्र दुसरीत नेताना ‘आय’ च्या जागी ‘−जे’ लिहावे लागते; नुसते अक्षर बदलून भागत नाही. प्रकाश शोषणाऱ्या पदार्थाच्या अपवर्तनांकाचा काल्पनिक भाग भौतिकशास्त्रज्ञ अधिक चिन्हाने आणि अभियंते वजा चिन्हाने लिहितात, ते याच कारणाने. दोन्ही परंपरा नकळत मिसळल्या, तर पदार्थात शिरून क्षीण व्हायला हवा तो तरंग कागदावर वाढतच जातो.

तरीही दोन्ही परंपरा निर्दोष आहेत. वर्ग −१ असणाऱ्या संमिश्र संख्या दोन आहेत, एकमेकींच्या विरुद्ध चिन्हाच्या, आणि वास्तव संख्यांच्या आधारे त्यांपैकी ‘पहिली’ कोणती हे ठरवण्याचा कोणताही मार्ग नाही. आपण एकीला नाव देतो आणि दुसरी आपोआप तिची उणे होते. माझ्या दृष्टीने या विषयातील सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे.

संगणकाच्या भाषांत हा प्रश्न नावांच्या टंचाईचा झाला, कारण ‘आय’ आणि ‘जे’ ही दोन्ही अक्षरे लूप मोजण्यासाठी सर्रास वापरली जातात. मॅटलॅबमध्ये दोन्ही नावे काल्पनिक एककासाठी आधीपासून ठरलेली आहेत, पण ती राखीव नाहीत, म्हणजे त्यांना दुसरी किंमत देता येते. ‘आय’ ला १ ते १० फिरवणारा लूप संपल्यावर कोणी ‘३ + ४ * आय’ लिहिले, तर उत्तर निमूटपणे ४३ येते. गुणाकाराचे चिन्ह गाळून ‘४आय’ असे जोडून लिहिले, तर मात्र संमिश्र संख्याच मिळते. ज्युलियाने ‘आयएम’ असे वेगळे नाव घेतले, तर फोर्ट्रानने अक्षर टाळून कंसातील जोडी पसंत केली.

मला पायथनची रीत सर्वांत पटते. तेथे ‘जे’ हे अंकाला चिकटलेले प्रत्यय आहे. नुसता ‘जे’ म्हणजे साधा चल आणि ‘१जे’ म्हणजे काल्पनिक एकक, त्यामुळे लूपने त्याला धक्का लागत नाही. मात्र ‘−१जे’ लिहून पाहिल्यास पडद्यावर ‘(−०−१जे)’ उमटते, आणि नवख्याला तो दोष वाटतो. पायथनमध्ये निव्वळ काल्पनिक असा वेगळा प्रकार नाही. ‘१जे’ ही शून्य वास्तव भाग असलेली पूर्ण संमिश्र संख्या आहे आणि वजा चिन्ह दोन्ही भागांना लागते. त्या उणे शून्याला अर्थही आहे. वास्तव भाग −१ आणि काल्पनिक भाग +० असलेल्या संख्येचे वर्गमूळ ‘सीमॅथ’ या पायथनच्या संमिश्र गणिताच्या मोड्यूलमधून काढले तर ‘१जे’ मिळते, आणि काल्पनिक भाग −० असेल तर ‘−१जे’. दोन मुळांपैकी कोणते निवडायचे, हे येथे शून्याचे चिन्ह ठरवते.