गरोदरपणातले कोलेस्टेरॉल आणि बाळंतपणानंतरची तपासणी

गरोदरपणात लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, सरसकट करायला सांगत नाहीत. परंतु माझ्या वडिलांची पन्नाशीच्या आत अँजिओप्लास्टी झालेली असल्याने डॉक्टरांनी सातव्या महिन्यात ती मुद्दाम लिहून दिली. ठाण्यात नौपाड्यातल्या लॅबमधून रिपोर्ट आला तेव्हा एकूण कोलेस्टेरॉल २८६ आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातल्या चरबीचा दुसरा प्रकार) २४८, असे दोन्ही आकडे जाड ठशात छापलेले होते. शेजारच्या रकान्यातली २०० आणि १५० ही मर्यादा मात्र गरोदर नसलेल्या माणसासाठीची होती, हे रिपोर्टवर कुठेही लिहिलेले नव्हते.

डॉक्टरांनी समजावले की शेवटच्या तिमाहीपर्यंत कोलेस्टेरॉल साधारण पाव ते निम्म्याने वाढते आणि ट्रायग्लिसराइड दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होते. इस्ट्रोजेन वाढल्यामुळे यकृत अधिक चरबी रक्तात सोडते. वार (प्लासेंटा) आईच्या कोलेस्टेरॉलपासूनच प्रोजेस्टेरॉन तयार करते आणि बाळाच्या पेशींची आवरणेही त्यातूनच घडतात. ट्रायग्लिसराइड ५०० च्या पुढे गेले तर लक्ष ठेवावे लागते आणि हजाराच्या वर गेल्यास स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. माझा आकडा त्यापासून दूर होता, त्यामुळे औषध न देता तळलेले आणि गोड कमी करायला सांगून त्यांनी विषय मिटवला. खरी तपासणी बाळंतपणानंतर करू, असे त्यांनी फाइलवर लिहून ठेवले, आणि ते लिहिले नसते तर ती झालीच नसती, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण बाळ घरी आल्यावर प्रत्येक तारीख बाळाचीच असते.

बाळाच्या दीड महिन्याच्या लसींच्या दिवशीच मी उपाशीपोटी रक्त दिले. ट्रायग्लिसराइड पूर्ववत झाले होते, आणि स्तनपानाचाही त्याला हातभार लागतो असे कळले. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, मात्र १७१ होते. ते उतरायला काही महिने लागू शकतात, शिवाय बाळंतपणानंतर थायरॉइड मंदावला तरी ते वाढते, म्हणून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) पाहिले. ते ठीक निघाले. त्या काळात डिंकाच्या लाडवांचा प्रश्न घरात पेटला. बाळंतिणीचे तूप तोडायचे नसते, हे आईचे म्हणणे. डॉक्टरांनी तूप बंद न करता चमच्याने मोजायला सांगितले, तेव्हा आईने लाडू लिंबाएवढे केले आणि एकाऐवजी दोन वाढू लागली.

बाळ वरचे खाऊ लागल्यानंतर केलेल्या तपासणीत एलडीएल १५९ आले. हे गरोदरपणाचे उरलेले की वडिलांकडून आलेले, हे ठरवायला त्याआधीचा एखादा आकडा हवा होता, आणि तसा आकडा माझ्याकडे नव्हताच. लग्नाआधी निरोगी मुलीचे कोलेस्टेरॉल कोण तपासते? स्तनपान सुरू असेपर्यंत स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध, नको, असे ठरले. तोवर संध्याकाळी कचराळी तलावाभोवती चालणे, जेवणात डाळी आणि ओट्स वाढवणे आणि रक्तदाब तपासत राहणे एवढेच सुरू आहे. पुढचे रक्त बाळाचे दूध सुटल्यावर द्यायचे आहे. धाकट्या बहिणीला यंदा मूल हवे आहे, तेव्हा तिची लिपिड प्रोफाइल आम्ही आताच करून घेतली.