मशीनपासून सुटी केलेली ट्यूब

दिवाळीच्या साफसफाईच्या दिवसांत दम्याचे पेशंट वाढतातच. त्या दुपारी आलेल्या मावशींना एक शब्द बोलता येत नव्हता. स्टेथोस्कोप लावला तर छातीत सूं-सूं सुद्धा नाही, आणि दम्यात खरं घाबरायचं ते याच शांततेला. नेब्युलायझर, स्टिरॉइड, मॅग्नेशियम सगळं दिलं. तरी ग्लानी येऊ लागली, तशी घशात ट्यूब घालून व्हेंटिलेटर लावला. काही मिनिटांतच बीपी साठावर आलं.

व्हेंटिलेटरपाशी आमची डीएमची रेसिडेंट होती. एमडीनंतर श्वसनविकार आणि अतिदक्षता यांचं हे तीन वर्षांचं शिक्षण. तिचं पहिलंच वर्ष. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिलो, पुढे झालो नाही. ज्युनिअर म्हणाला, "मॅडम, न्यूमोथोरॅक्स असेल, सुई घालू का?" न्यूमोथोरॅक्स म्हणजे फुफ्फुसातून सुटलेली हवा छातीच्या पोकळीत साठणं. शंका रास्त होती. पण फुगलेल्या फुफ्फुसात विनाकारण सुई गेली, तर नसलेला न्यूमोथोरॅक्स आपणच तयार करतो.

ती स्क्रीनकडे बघत होती. उच्छ्वासाची रेघ शून्याला टेकायच्या आतच मशीन पुढचा श्वास ढकलत होतं. "थांब," म्हणाली, ट्यूब मशीनपासून सुटी केली आणि दोन्ही तळवे बरगड्यांवर ठेवून हलकेच दाबले. हिस्स करत हवा येतच राहिली. पुष्कळ वेळ. मग मनगटाची नाडी हाताला लागली, मॉनिटरवर बीपी नव्वद दिसलं, थोड्या वेळाने एकशे दहा.

आखडलेल्या श्वासनळ्यांतून हवा आत ढकलता येते, बाहेर मात्र सावकाश येते. प्रत्येक श्वासाची थोडी थोडी हवा साचत जाते, छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परतणारं रक्तच अडतं. औषधाने बीपी वर ओढण्याआधी ही हवा सोडायला हवी. तिने पुन्हा मशीन जोडलं ते मिनिटाला दहा श्वासांवर, उच्छ्वासाला भरपूर वेळ ठेवून. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढलेला दिसल्यावर ज्युनिअरने श्वास वाढवायला हात पुढे केला. तिने अडवला. "वाढू दे, तो उतरेल."

शेजारच्याच बेडवर न्यूमोनियातून एआरडीएस झालेला, म्हणजे फुफ्फुसं सुजून ताठ झालेला तरुण होता, त्याला मिनिटाला तीस छोटे श्वास चालू होते. तिथे श्वासाचं माप उंचीवरून काढलेल्या वजनाच्या किलोमागे ६ मिली. २००० साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत १२ ऐवजी ६ मिली दिल्यावर मृत्यूचं प्रमाण ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आलं होतं. मशीन एकच, पण या बेडचा आकडा त्या बेडला लावला तर जीव जातो.

म्हणून नव्या रेसिडेंटच्या हाती मी आधी अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी देतो. १९५२ च्या पोलिओच्या साथीत कोपनहेगनला बियॉर्न इबसेन यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पाळ्या लावून, हाताने पिशवी दाबून रोग्यांना श्वास दिले. अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथली मानतात. फुफ्फुस किती ताठ आहे हे मुठीला समजलं, की स्क्रीनवरची रेघ वाचायला सोपी जाते.

मावशींची ट्यूब निघाल्यावर कळलं, पंपाची सवय लागते असं कुणीतरी सांगितल्याने त्यांनी तो बंदच केला होता. रेसिडेंटने त्यांना पंप ओढून दाखवायला सांगितलं. दाबणं आणि ओढणं जुळत नव्हतं, औषध जिभेवरच राहत होतं. तिने स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी दिली, लेकीलाही शिकवलं आणि आपल्याच ओपीडीची तारीख लिहून दिली.

आयसीयूत हात कमी पडतात, तेव्हा डीएमच्या मुलांची ओपीडी बंद करा असं मला सांगितलं जातं. मी ते मान्य करत नाही, करणारही नाही. मावशी ट्यूबपर्यंत पोहोचल्या त्या पंप सुटल्यामुळे, आणि ते ओपीडीत बसणाऱ्यालाच आधी दिसतं.